प्रभागाचा गट, गावाचा गट: स्थानिक प्रश्नांवर ऑनलाइन चर्चा कशी चालवावी

दोन दिवस पाणी आलं नाही म्हणून कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारतं. दहा मिनिटांत एक जण आयुक्तांना झोडपतो, दुसरा नगरसेवकाला, तिसरा थेट दिल्लीपर्यंत पोचतो. मग कोण कोणत्या पक्षाचा यावर जुंपते. संध्याकाळपर्यंत चार-पाच जण गट सोडतात, आणि पाणी का आलं नाही हे शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही.

अशा गटांबद्दल माझं मत सरळ आहे. बोलणं कुठे पोचत नसलं की माणसं एकमेकांवर घसरतात. तक्रारीला क्रमांक मिळाला, तारीख मिळाली, ती घेणाऱ्या अधिकाऱ्याचं पद कळलं, की चिडलेला तोच माणूस खड्ड्याचा फोटो काढून आणतो. म्हणून गटात सभ्यता हवी असेल तर आधी चर्चेला बाहेर पडायची वाट करून द्या. सौजन्याचे नियम त्यानंतर.

याचं उत्तम उदाहरण इंटरनेटच्या आधीचं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेसाठी ओळखलं जातं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क) मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. गावाचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून तिथे एक पद्धत रुजली: अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कुणीही यावं, कोणताही प्रश्न काढावा, माहिती तपासावी, मतं बदलावीत. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वांच्या संमतीने. चर्चेत हरणं-जिंकणं नसलं की माणूस ऐकून घेतो. तुमचा ऑनलाइन गट म्हणजे हा अभ्यासगट आहे, एवढं धरून चाललात तर पुढची बरीच भांडणं टळतात.

आधी हद्द ठरवा

'पुणे नागरिक मंच' असा गट काढू नका. मुंबई सोडली तर आपल्या बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडले जातात, आणि प्रभाग इतके मोठे असतात की एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाची गल्ली माहीत नसते. त्याहून लहान हद्द घ्या. एकाच व्हॉल्व्हवरून पाणी सुटणारा भाग, एका घंटागाडीचा फेरा, एका शाळेभोवतालची वस्ती. खेड्यात गाव पुरतं, पण वाड्या-पाडे विखुरलेले असतील तर प्रत्येक वाडीतली दोन-तीन माणसं मुद्दाम बोलावून आत घ्या. नाहीतर गावठाणातल्या चार घरांचा गट 'गावाचा' म्हणून मिरवतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात १,०२४ जण मावतात. तेवढे भरायची घाई नको. दोन-अडीचशेच्या पुढे गेलं की लोक वाचणं सोडतात आणि फक्त बोलतात.

चालक कोण

एकच अ‍ॅडमिन असलेला गट त्याच्या मालकीचा होतो. तिघे ते पाच जण असावेत, आणि ते एकमेकांचे मित्र नसले तर जास्त चांगलं. राजकीय कल वेगवेगळे, किमान दोन बायका, सोसायटीतलं एक माणूस, चाळीतलं किंवा वस्तीतलं एक, एखादा दुकानदार. कुणाला काढायचं असेल तर किमान दोघांची सहमती हवी, आणि ती अ‍ॅडमिनांच्या वेगळ्या छोट्या गटात लेखी घ्यावी.

नगरसेवक, सरपंच, इच्छुक उमेदवार यांना आत घ्यावं का? घ्यावं. मात्र अ‍ॅडमिन करू नये. त्यांनी प्रश्नाला उत्तर द्यावं, कामाची माहिती द्यावी. 'भाऊंच्या प्रयत्नांना यश' छापाचे फलक टाकू नयेत. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी गटात नंबर असतो सरपंचबाईंच्या यजमानांचा. हे चालवून घेऊ नका. निवडून आलेल्या बाईंचा स्वतःचा नंबर घ्या आणि प्रश्न त्यांनाच विचारा.

सेटिंग

हे अर्ध्या तासाचं काम आहे. नव्या सदस्याला अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच प्रवेश, गटाचं नाव-फोटो-वर्णन बदलायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनना, आणि रात्री दहा ते सकाळी सात 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील'. शेवटचं जरूर करा. सगळ्यात वाईट भांडणं रात्री अकराच्या पुढची असतात.

गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. अनेक बायका एवढ्याच कारणाने गटात येत नाहीत. 'कम्युनिटी' तयार केली तर तिच्या घोषणांच्या गटात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ज्यांना फक्त पाणी कधी येणार, रस्ता कधी बंद, एवढंच हवंय त्यांना तिथे ठेवा. चर्चेचा गट त्याखाली वेगळा. कोणत्याही सदस्येला खासगीत अनाहूत मेसेज गेल्याचं कळलं तर पाठवणाऱ्याला त्याच दिवशी बाहेर काढा. ताकीद वगैरे नाही.

नियम, तयार मजकुरासह

नियम गटाच्या वर्णनात मावतील एवढेच असावेत. खालचा मसुदा जसाच्या तसा उचलला तरी चालेल:

१. हा गट आपल्या हद्दीतलं पाणी, कचरा, रस्ते, दिवे, शाळा, दवाखाना आणि पालिकेच्या (किंवा ग्रामपंचायतीच्या) कारभारासाठी आहे.
२. वय, ओळख, नातं काहीही असो, गटात सगळ्यांना 'तुम्ही'.
३. काम, निर्णय, खर्च यांवर कितीही कडक टीका चालेल. कुणाची जात, धर्म, घरचे लोक, दिसणं, शिक्षण यांवर एक शब्दही चालणार नाही.
४. पक्षाची पत्रकं, वाढदिवसाचे फलक, सुप्रभात आणि सणांच्या शुभेच्छा इथे नकोत.
५. दुसरीकडून आलेला मजकूर टाकताना तो कुठून आला आणि तुम्ही काय तपासलं, हे स्वतःच्या शब्दांत लिहा.
६. इथलं संभाषण किंवा त्याचा स्क्रीनशॉट त्या सदस्याला विचारल्याशिवाय बाहेर पाठवू नका.
७. नियम मोडल्यास आधी खासगीत फोन, मग सात दिवस गटाबाहेर, तिसऱ्यांदा कायमचं बाहेर. नियम ३ मधल्या जात-धर्माच्या बाबतीत पहिल्याच वेळी बाहेर.

दुसरा नियम क्षुल्लक वाटेल, पण भांडण पेटायच्या आधी कुणीतरी एकेरीवर आलेलं असतं. 'तू कोण मला शिकवणार' इथून पुढे प्रश्न मागे पडतो. काका, ताई, दादा म्हणायला हरकत नाही. 'अरे-तुरे' दिसलं की अ‍ॅडमिनने तिथेच थांबवावं.

चौथ्या नियमावर लोक नाराज होतात. शुभेच्छांनी काय बिघडतं, असं विचारतात. दिवाळीच्या दिवशी शंभर पणत्यांखाली 'आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलंय' हा मेसेज दबतो, हे उत्तर द्या.

विषय मांडायची पद्धत

'दिव्यांची बोंब आहे, कोणी लक्ष देणार का?' या वाक्याला उत्तर देता येत नाही, फक्त सूर मिसळता येतो. तेच असं लिहिलं तर:

'काय: शाळेसमोरच्या चौकातले तीन दिवे बंद. कधीपासून: सोमवार. कुणाला कळवलं: क्षेत्रीय कार्यालय, विद्युत विभाग, तक्रार क्रमांक सोबत. काय हवं: उद्या सकाळी अकराला माझ्याबरोबर कार्यालयात येईल असं एक माणूस.'

काय, कधीपासून, कुणाला कळवलं, काय हवं. लोकांना या चार गोष्टींची सवय लावायला काही महिने लागतात. तोवर अ‍ॅडमिननेच प्रेमाने विचारत राहावं: 'काकू, तक्रार नोंदवली का? नंबर टाका, पाठपुरावा करू.' सोबत एक साधी यादी चालू ठेवा, दर रविवारी गटात टाकायची: कोणती तक्रार, क्रमांक, कुठल्या टेबलावर अडली, पुढची तारीख. ही रविवारची यादी मला सगळ्या नियमांपेक्षा मोलाची वाटते. सुटलेली कामं दिसतात आणि रेंगाळलेलीही. मग 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्याला वाद घालायला जागा उरत नाही.

हे सगळं सोप्या प्रश्नांचं. दिवे लागावेत यावर सगळ्यांचं एकमत असतं. कस लागतो तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांत हितसंबंध आडवे येतात तिथे: फेरीवाले, भटकी कुत्री, मंडळाचा मांडव, रस्तारुंदी. फेरीवाल्यांचा प्रश्न घेऊ, कारण तो जवळजवळ प्रत्येक शहरी गटात येतो आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी नासतो.

'पदपथ अडवलाय, हाकला यांना' असा मेसेज येतो. त्यावर लगेच चर्चा उघडू नका. अ‍ॅडमिनने लिहावं: 'हा विषय येत्या सोमवारपासून आठवडाभर घेऊ. तोवर माहिती जमा करू.' मधल्या दिवसांत दोन-तीन जणांनी बाहेर पडून मोजावं. किती गाड्या, कोणत्या वेळेला, चालायला किती फूट जागा उरते, किती जणांकडे विक्रीचं प्रमाणपत्र आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहरात पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात, आणि कुठे बसता येईल व कुठे नाही हे त्या चौकटीत ठरतं. हे गटाला आधी सांगितलं की 'हाकला' हा पर्याय तुमच्या हातातच नाही, हे आपोआप कळतं.

सोमवारी अ‍ॅडमिनने जमवलेले आकडे टाकावेत, मत नको. मंगळवार-बुधवारी फक्त अडचणी: व्हीलचेअर जात नाही, शाळेची मुलं रस्त्यावरून चालतात, संध्याकाळी भाजी इथेच मिळते म्हणून म्हाताऱ्यांची सोय होते. गुरुवारी उपाय. आणि या आठवड्यात किमान एका भाजीवालीला किंवा चहावाल्याला गटात बोलवा, नाहीतर त्यांचं म्हणणं व्हॉइस मेसेजने आणा. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे तो गैरहजर असताना झालेली चर्चा कितीही गोड भाषेत असली तरी ती असभ्यच. भाषा सभ्य ठेवून माणसं वगळणारे गट मी चांगले मानत नाही.

शेवटी पोल टाकायचा मोह होतो. तारीख-वेळ ठरवायला पोल उत्तम. अशा प्रश्नावर मात्र पोल घेऊ नका. गटात सोसायटीतले दीडशे आणि विक्रेते दोन असतील, तर निकाल आधीच ठरलेला असतो. त्याऐवजी एका परिच्छेदात लिहा: कशावर सहमती झाली (शाळेच्या फाटकासमोर वीस फूट मोकळं), कशावर नाही (संध्याकाळच्या गाड्या), आणि पुढे कुणाकडे जायचं. असहमती लिहून ठेवली की ज्यांचं ऐकलं गेलं नाही असं वाटत होतं, तेही राहतात.

भांडण पेटलं तर

पहिली गोष्ट, गटात रागावू नका. चारचौघांत कान उपटले की माणूस माघार घेत नाही, आणि त्याच्या बाजूने चार जण उभे राहतात. गट थोड्या वेळासाठी 'फक्त अ‍ॅडमिन' वर ठेवा, लिहा: 'विषय तापलाय, दोन तासांनी उघडतो. तोवर तक्रार क्रमांक असतील तर मला पाठवा.' मग दोघांनाही फोन करा. मेसेज नको, फोनच. 'दादा, मुद्दा तुमचा बरोबर आहे, ती शेवटची ओळ तेवढी काढता का?' एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. माणूस स्वतः मेसेज पुसतो आणि त्याची इज्जतही राहते.

जात, धर्म किंवा बाईच्या चारित्र्यावर आलेला मेसेज मात्र वाट न पाहता काढा. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. पुसण्याआधी स्क्रीनशॉट घेऊन तारीख-वेळेसह जपून ठेवा, आणि गटाला कारण एका ओळीत सांगा. गुपचूप पुसलं की पक्षपाताचा आरोप येतो.

अफवा

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊनही मारलं. पाचही जण गेले. मुलं पळवणाऱ्यांबद्दलचे मेसेज त्या काळात मोबाइलवरून फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० पासून अनेकदा फिरलेला, दोन बाण दाखवणारा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

स्थानिक गटात हे सगळ्यात जास्त लक्षात ठेवायला हवं, कारण 'आपल्या भागात' असे शब्द असले की लोक तपासत नाहीत. अनोळखी माणसाचा फोटो, गाडीचा नंबर, 'सावध राहा' असा मेसेज आला की तो लगेच काढा आणि टाकणाऱ्याला ११२ वर किंवा पोलीस ठाण्यात कळवायला सांगा. ठाण्याचा लँडलाइन नंबर गटाच्या वर्णनात असू द्या. पाणीपुरवठा बंद, शाळेला सुटी, संचारबंदी अशा बातम्यांना अधिकृत पत्र किंवा कार्यालयाचा दुजोरा लागेल, असा पायंडा पाडा. केंद्र सरकारच्या नावाने फिरणारा मजकूर पीआयबी (केंद्राचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेककडे तपासता येतो.

कायदा, थोडक्यात

अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट दिसायला हवा. त्या वेळी अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसता येत नव्हता, आता येतो. म्हणून पाहिलं की काढणं शहाणपणाचं. लिहिणाऱ्यावर मात्र भारतीय न्याय संहितेतली बदनामीची (कलम ३५६) आणि गटागटांत वैर पसरवण्याची (कलम १९६) तरतूद लागू शकते. 'इंजिनिअर पैसे खातो' असं लिहिण्याऐवजी 'या कामाचं बिल निघालं, रस्ता मात्र इथपर्यंतच झालाय, हा फोटो' असं लिहा. हे सुरक्षित आहे आणि इंजिनिअरला जास्त झोंबतंही.

बोलणं जागेवर पोचवा

गावात ग्रामसभा ही ती जागा. वर्षात किमान चार व्हायला हव्यात. बहुतेक गावांत १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या सुमारास होतात, आणि त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे मूठभर माणसांत ठराव होऊ शकतात. गटाचा खरा उपयोग इथे. तारखेआधी पंधरा दिवस विषय गोळा करा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी द्या, पोच घ्या, आणि आदल्या दिवशी प्रत्येक वाडीतून कोण येणार हे नावानिशी विचारा. गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर दिसतो. तो पाहून गेलात तर सभेत प्रश्न नेमका विचारता येतो.

शहरात अशी हक्काची सभा प्रत्यक्षात मिळत नाही. २०२२ पासून कित्येक महापालिकांवर नगरसेवक नव्हते, प्रशासक होते, तेव्हा तर नागरिकांना कुठे बोलावं तेच कळेना. तरी वाटा आहेत. मुंबईत पालिकेचा १९१६ हा फोन नंबर, इतरत्र पालिकेचं तक्रार अ‍ॅप, राज्याचं 'आपले सरकार' पोर्टल, जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकण्यासाठीचा लोकशाही दिन. पुण्यात २००६ पासून नागरिक पालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामं सुचवू शकतात. त्याची मुदत गटाच्या वर्णनात लिहून ठेवा, कारण ती गेली की वर्ष गेलं.

एवढ्याने हललं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, साधारण दीडशे शब्दांत. उत्तर ३० दिवसांत. राज्याच्या पोर्टलवर ऑनलाइनही करता येतो. 'रस्ता खराब का' असं विचारू नका. कामाचा कार्यादेश (वर्क ऑर्डर), झालेल्या कामाची मापं असलेल्या मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, ठेकेदाराची दोषदायित्व मुदत (किती काळ दुरुस्ती त्याच्याच खर्चाने) मागा. कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा हक्कही या कायद्यात आहे. अर्ज एकाने करावा, पण मसुदा गटात सगळ्यांनी मिळून लिहावा. एकत्र बसून अर्ज लिहिणाऱ्या दोन विरोधी पक्षांच्या कार्यकर्त्यांचं त्यानंतर गटात फारसं वाजत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

निवडणूक आली की

महिनाभर आधी नियम पुन्हा टाका आणि त्यात दोन भर घाला: उमेदवार असलेला सदस्य स्वतःचा प्रचार करणार नाही, आणि कोणत्याही अ‍ॅडमिनने उमेदवारी घेतली किंवा कुणाचा उघड प्रचार सुरू केला तर तो निकालापर्यंत अ‍ॅडमिनपद सोडेल. मग गटाने पाच प्रश्न ठरवावेत, रविवारच्या याद्यांमधूनच, आणि ते सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी पाठवावेत. पाणी किती दिवसांनी, कोणत्या वर्षापर्यंत; कचरा कुठे जिरवणार; वर्षातून किती वेळा भागात जाहीर बैठक घेणार. उत्तरं आली तशी, काटछाट न करता, आडनावांच्या क्रमाने एकाच मेसेजमध्ये टाकावीत. ज्याने दिलं नाही त्याच्यासमोर 'उत्तर आलं नाही'. त्यावर टिप्पणी नको. आचारसंहिता लागू असताना राज्य निवडणूक आयोगाच्या सूचना पाहून घ्या.

निकालानंतर निवडून आलेल्यांची ती उत्तरं गटात पिन करून ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी त्यांनाच विचारा की यातलं कुठपर्यंत आलं. त्याच सुमारास अ‍ॅडमिनांपैकी दोघे बदला. आधीच्यांनी तक्रारींची यादी, अर्जांच्या पोचपावत्या आणि कार्यालयातल्या नंबरांची वही नव्यांच्या हाती द्यावी.